आयबीएम ५१५० चं कॅबिनेट: पाच स्लॉटचे आठ करायचेत, पत्रा कापू का?

एडिसनकर

मंडळी, नमस्कार. हा विषय तंत्रज्ञानात टाकावा की छंदात ते कळेना, संपादकांना वाटलं तर खुशाल हलवा.

इथे न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये आयबीएम पीसीचं, म्हणजे मॉडेल ५१५० चं, रिकामं कॅबिनेट मिळालं. ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेलं तेच ते. मदरबोर्ड आधीच्या मालकानं कधीच विकून टाकलेला. झाकण, चासी, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि मूळचा ६३.५ वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एवढाच ऐवज. पत्रा मात्र असा दणकट की वर उभं राहून पंखा पुसावा.

माझ्याकडे एक टर्बो एक्स्टी क्लोन बोर्ड (५१५० नंतर आलेल्या एक्स्टीच्या बोर्डाची नक्कल) पडून आहे. स्लॉट, म्हणजे कार्डं खोचायच्या खाचा, आठ; ६४० के मेमरी बोर्डावरच. तो या कॅबिनेटात बसवायचाय. अडचण आहे मागच्या पत्र्याची. ५१५० ला स्लॉट पाचच आणि दोन स्लॉटमधलं अंतर १ इंच. १९८३ ला एक्स्टी आला तेव्हा स्लॉट झाले आठ आणि अंतर आलं सुमारे ०.८ इंचावर. म्हणजे पहिलं कार्ड मागच्या पत्र्यातल्या त्याच्या खिडकीत नीट बसवलं की दुसरं ५ मिलिमीटरनं सरकतं, तिसरं १० नं, आणि पुढे आनंदीआनंद.

लावायची कार्डं सहा: डिस्प्ले, फ्लॉपी कंट्रोलर, एक्स्टी-आयडीई (हार्ड डिस्कसाठी), सिरियल-पॅरलल, साउंड, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते बाबांचं जिस्ट कार्ड. सांगलीचं घर आवरताना माळ्यावर सापडलं, फ्लॉपीसकट. अस्सल ५१५० च्या डब्यातून पडद्यावर देवनागरी उमटलेली मला बघायचीय.

तर प्रश्न असा. मागचा पत्रा कापून आठ खिडक्या कराव्यात, की एवढ्या जुन्या वस्तूला हात लावू नये? ज्यांनी पत्र्याचं काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

वेलदोडा

जागा धरून ठेवतोय. पॉपकॉर्न लावलेत.

डॉसबाबा

कापू नका. साउंड कार्ड काढा. सहाची पाच झाली, प्रश्न मिटला. पुढचा धागा?

एडिसनकर

डॉसबाबा, संख्या मिटली, अंतर कुठे मिटलं? बोर्डच ०.८ इंचाचा आहे. पाच काय, तीन कार्डं लावली तरी कार्डांच्या मागच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या खिडक्यांसमोर येत नाहीत. आणि साउंड कार्ड राहणार. भांडू नका.

डॉसबाबा

मग मूळचा ५१५० बोर्ड शोधा आणि लावा. तुमच्या देशात मिळतात. कॅबिनेट आयबीएमचं आणि आत तैवानी बोर्ड, हे म्हणजे पैठणीखाली स्पोर्ट्स शूज.

बॉस्टनचा बंड्या

बाबा, मिळतात हो, पण मूळ बोर्ड घेतला की त्याची वरात पण घ्यावी लागते. बोर्डावर मेमरी जास्तीत जास्त २५६ के, सुरुवातीच्या बोर्डांवर तर ६४ च. म्हणजे मेमरीचं वेगळं कार्ड आलं. बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) २७ ऑक्टोबर १९८२ च्या आधीचा असला तर तो कार्डावरचा रॉम वाचतच नाही, मग एक्स्टी-आयडीई चालणार नाही, म्हणजे बायोसची चिप बदला. शिवाय त्या काळचे टँटलम कपॅसिटर. इतकी वर्षं बंद असलेला बोर्ड पहिल्यांदा चालू करताना ते फटाक्यासारखे उडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चष्मा लावून बटण दाबा म्हणतात ते उगाच नाही.

पाच स्लॉटची रड तेव्हापासूनचीच आहे. डिस्प्लेला एक, फ्लॉपीला एक, मेमरीला एक, मोडेमसाठी सिरियलला एक. प्रिंटर लावला की डबा भरला. म्हणून तर एएसटीच्या सिक्सपॅकप्लससारखी एकाच कार्डात मेमरी, घड्याळ, सिरियल, पॅरलल कोंबलेली कार्डं तडाखेबंद खपली. गंमत म्हणजे १९७७ च्या ॲपल टू ला आठ स्लॉट होते आणि चार वर्षांनी आयबीएमनं दिले पाच.

आयबीएमनं स्वतः काढलेला उपाय ५१६१ एक्स्पान्शन युनिट. पीसीएवढाच दुसरा डबा, त्यात स्लॉट आणि हार्ड डिस्क, पीसीत एक कार्ड, त्या डब्यात एक कार्ड, मधे बोटाएवढी जाड केबल. ते घ्या. पत्रा कापायला नको, फक्त घर मोठं घ्यावं लागेल.

काजूबी

घर मोठं घेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी आधी आमच्या घरी येऊन स्टोअररूमचं दार उघडून दाखवावं. ह्यांच्याकडे तीन मॉनिटर आहेत. एकही चालत नाही. "पार्टला होतील" म्हणतात.

वेलदोडा

काजूबी, होतात ना पार्टला.

काजूबी

भेटली आणखी एक जमात.

ऱ्हस्वदीर्घ

हे जिस्ट कार्ड काय प्रकरण आहे? मराठी टाइप करायला कार्ड कशाला लागतं? मी तर फोनवर बोटानं करतो.

निळी शाई

ऱ्हस्वदीर्घ, तुमचा जन्म कधीचा ते विचारत नाही, पण एके काळी लागायचं बरं.

डॉसच्या काळात पडद्यावरची अक्षरं डिस्प्ले कार्डातल्या रॉममधून यायची, आणि तिथे फक्त इंग्रजी. मराठीला काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरं, सगळंच वेगळं. मग त्यासाठी वेगळं कार्ड स्लॉटमध्ये खोचायचं. मूळ काम आयआयटी कानपूरला झालं, मोहन तांबे त्याचे कर्ते. १९८८ ला पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तंत्रज्ञान तिकडे आलं. त्याची खुबी अशी की वर्डस्टार किंवा डीबेससारखं सॉफ्टवेअर तेच, इंग्रजीसाठी लिहिलेलं. त्याला पत्ताही नसायचा की आपण मराठी दाखवतोय. क, हलन्त, ष असं टाइप केलं की समोर क्ष जुळून यायचा. कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी. आजही माझी बोटं तीच आहेत.

मी तेव्हा सीमाभागातल्या एका कार्यालयात नावांच्या याद्या करायचे. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच संकेत, इस्की, जो पुढे १९९१ ला भारतीय मानक झाला. त्यामुळे यादी मराठीत भरायची आणि लिपी बदलली की तीच यादी कन्नडमध्ये. पाटील, कुलकर्णी, हिरेमठ, सगळे एका दमात लिपी बदलायचे. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम आणून ते दाखवायचे आणि आम्ही काम थांबवून हसऱ्या चेहऱ्यानं बसायचो.

एडिसनकर, ते कार्ड जपून हाताळा. आणि फ्लॉपी त्याहून जपून.

ऱ्हस्वदीर्घ

दंडवत ताई. म्हणजे मराठीसाठी स्लॉट अडायचा!

भोसरीचा फिटर

एडिसनकर, कापा. पण सांगतो तसं कापा. आमचं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, कॉम्प्युटरातलं कमी कळतं, पत्र्यातलं कळतं. माझ्याकडे पुतण्याचं एक जुनं कॅबिनेट आलं होतं असंच, त्याच्यावरून बोलतोय.

पहिली गोष्ट, डबा पूर्ण रिकामा करा. एसएमपीएस, ड्राइव्ह, स्पीकर, सगळं बाहेर. लोखंडाचा कीस कुठे जाऊन बसतो याचा भरवसा नाही, आणि एसएमपीएसच्या जाळीतून आत गेला तर पुढच्या वेळी लाइट लावल्यावरच समजेल.

दुसरी, मूळ पत्र्यात आठ खिडक्या पाडायच्या फंदात पडू नका. तुमच्या पाच खिडक्यांमधल्या ज्या चार उभ्या पट्ट्या आहेत त्या कापा, कड सरळ करा, एक मोठी आडवी खिडकी होऊ द्या. मग वेगळ्या पत्र्याची प्लेट बनवा, आठ खिडक्यांची, आणि ती आतून स्क्रूनं धरा. प्लेट बिघडली तर दुसरी करता येते. चासी बिघडली तर काय करणार?

तिसरी, आधी बोर्ड, मग पत्रा. लोक उलटं करतात. तुमच्या क्लोन बोर्डाची भोकं ५१५० च्या तळाशी सगळी जुळणार नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) लावा. बोर्ड पक्का झाल्यावर एक नंबरच्या आणि आठ नंबरच्या स्लॉटात पट्टीवालं कार्ड लावा आणि मागे पुठ्ठ्याचा साचा धरून दोन्ही पट्ट्यांची कड पेन्सिलीनं ओढा. मधली सहा गुण्या आणि व्हर्नियरनं मारून घ्या. इंटरनेटवरच्या मापावर विसंबून पंच मारू नका, तुमच्या बोर्डावरचं माप हेच खरं.

कार्डाची पट्टी १८ मिमीच्या आसपास रुंद असते आणि दोन स्लॉटमधलं अंतर २० च्या आसपास. म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये फट उरते जेमतेम २ मिमी. खिडकी मात्र १३ च्या वर नेऊ नका, म्हणजे मधे ७ मिमीची दांडी राहते आणि प्लेट लवत नाही. खाली पट्टीच्या जिभेला खाचा ठेवायला विसरू नका, जीभ अडकली नाही तर कार्ड मागून नाचतं.

मटेरियल सीआरसीए, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा, १.२ मिमी. वरची कड ९० अंशात वाकवायची, तिच्यावर पट्टीचा स्क्रू येतो. कापताना रेघेच्या आत कापा आणि रेघेपर्यंत कानस मारा. दोन्ही बाजूंनी बर (कापलेल्या कडेवर उरलेली धारदार कड) काढा. ही बर नंतर केबल कापते आणि हात तर कापतेच.

एडिसनकर

काका, साष्टांग. हे प्रिंट काढून भिंतीवर लावतोय. एक शंका: स्क्रूचे आटे १.२ मिमीच्या पत्र्यात धरतील का?

भोसरीचा फिटर

नाही धरणार. बरोबर जागी बोट ठेवलंत. त्या पट्ट्यांचा स्क्रू ६-३२ चा, अमेरिकन. एका इंचात ३२ आटे, म्हणजे एक आटा ०.७९ मिमीचा. १.२ च्या पत्र्यात दीड आटा बसणार, दोनदा फिरवला की गुळगुळीत. कंपनीवाले भोक दाबून कॉलर काढतात म्हणून त्यांना जमतं. तुम्ही वाकवलेल्या कडेखाली ३ मिमीची फ्लॅट पट्टी रिवेट करा आणि तिच्यात २.७ नं ड्रिल मारून टॅप करा. तुमच्याकडे तर ६-३२ चा टॅप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. इथे आम्हाला नागदेवी स्ट्रीटला माणूस धाडावा लागतो, आणि तो एम ३.५ चा घेऊन येतो आणि म्हणतो "सेमच आहे".

लॅमिंग्टन रिटर्न

"सेमच आहे" हे वाक्य लॅमिंग्टन रोडचं ब्रीदवाक्य होतं. व्यास खरंच सारखाच असतो, साडेतीन मिमी. दोन आटे जातो पण, आणि मग अडतो. आणि आपण जोर लावतो.

त्या दिवसांतली कॅबिनेटं आठवली. असेंबल्ड मशीन म्हणजे कॅबिनेट, बोर्ड, कार्डं तीन वेगळ्या गाळ्यांतून आणायची आणि चौथ्या गाळ्यात मुलगा ती जुळवणार. पट्टी बसेना झाली की तो पक्कड घ्यायचा आणि पट्टीलाच वाकवायचा. मदरबोर्ड वाकला तरी चालेल पण गिऱ्हाईक थांबता कामा नये.

एडिसनकर, दोन गोष्टी लिहून ठेवा. एक, एसएमपीएसची पी-८ आणि पी-९ ही दोन कनेक्टरं शेजारी शेजारी लावताना काळ्या वायरी मधे एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. उलटं लावलं तर बोर्ड गेलाच समजा. दुसरं, साउंड कार्डाची उंची मोजा. पीसी-एक्स्टीच्या काळची कार्डं साधारण ४.२ इंच उंच, एक्स्टीनंतरच्या एटी मॉडेलसाठी आलेली काही ४.८ इंचांची. ती आत छान बसतात आणि मग झाकण लागत नाही.

डॉसबाबा

मी अजून माझ्याच मताचा आहे. ५१५० चासी दिवसेंदिवस कमी होत चालल्या आहेत. रिकामी का असेना, उद्या कुणाकडे बोर्ड असेल आणि डबा नसेल. कापलेला पत्रा परत जुळत नाही.

ठाणे_लोकल

कशाला कापताय लोक? थ्रीडी प्रिंट करा ना प्लेट. रात्री लावायची, सकाळी तयार. माझ्याकडे प्रिंटर आहे, फाइल पाठवा.

भोसरीचा फिटर

ठाणे लोकल, प्लेट प्रिंट केली तरी तिच्यासाठी मागची खिडकी कापावीच लागणार, ते काम वाचत नाही. आणि प्लॅस्टिकची प्लेट लवते. केबल ओढली की कार्ड स्लॉटातून वर येतं. साचा म्हणून प्रिंट करा, उत्तम.

बॉस्टनचा बंड्या

शिवाय ती पट्टी-स्क्रू-चासी जोडणी नुसती धरायला नसते. कार्डाच्या पट्टीतून आणि कनेक्टरच्या कवचातून अर्थ चासीला मिळतो. त्याच कारणासाठी हे डबे इतके जड, बंद आणि लोखंडी असायचे: एफसीसीनं (अमेरिकेतली दूरसंचार नियामक संस्था) घरगुती कॉम्प्युटरच्या रेडिओ गोंगाटावर मर्यादा घातल्या होत्या आणि शेजाऱ्याचा टीव्ही खरखरला तर तक्रार. म्हणून प्लेट जिथे चासीला टेकते तिथे रंग मारू नका. कापलेल्या कडेला झिंक स्प्रे बस.

ठाणे_लोकल

बरं बाबांनो. साचा तर साचा. फाइल पाठवा.

ऱ्हस्वदीर्घ

बाळबोध प्रश्न: मागे पट्टी नसलेलं कार्ड चालत नाही का? म्हणजे ज्या कार्डाला बाहेर केबलच लावायची नाही त्याला खिडकी कशाला हवी?

लॅमिंग्टन रिटर्न

लोक हसतील, पण पोरानं मुद्द्याचं विचारलं. चालतं. एक्स्टी-आयडीईला बाहेर काही नाही. फ्लॉपी कंट्रोलरच्या मागे जुन्या कार्डांवर बाहेरच्या ड्राइव्हसाठी कनेक्टर असतो, पण तो कोण वापरतोय आता. पट्टी काढून ठेवा, दोन्ही कार्डं कुठल्याही स्लॉटात लावा. फक्त मागून धरायला काही राहत नाही, म्हणून पुढच्या बाजूला कार्डाची कड धरणारी खाच हवी. लांब कार्डं असली तर त्या खाचा ५१५० मध्ये असतातच, पण त्याही १ इंचाच्या हिशोबानं.

आता गणित बघा. १ इंचाचे चार टप्पे म्हणजे ४ इंच, ०.८ चे पाच टप्पे म्हणजे पण ४ इंच. म्हणजे पहिला स्लॉट जुळवला तर नव्या बोर्डाचा सहावा जवळपास जुन्या पाचव्या खिडकीसमोर येतो. डिस्प्ले एकात, जिस्ट सहात. बाकीची बिनपट्टीची. साउंडचा आवाज आतल्या स्पीकरला!

डॉसबाबा

हे आवडलं. कापायचं नाही आणि काम होतंय. एडिसनकर, हेच करा.

एडिसनकर

मोह होतोय, पण सिरियल मला बाहेर हवंच, माउस आणि फाइल पाठवणं दोन्ही त्यावर. आणि साउंड कार्ड घेऊन आवाज डब्यात ठेवायचा म्हणजे मंगल कार्यालय घेऊन बँड आत कोंडण्यासारखं.

मोघम

अवांतर: सेम प्रॉब्लेम मला नव्वदीतल्या सडपातळ डेस्कटॉपमध्ये आला. त्यांच्यात बोर्डावर एकच उभा राइझर (स्लॉट असलेली उभी पाटी) आणि कार्डं त्यात आडवी. कार्ड आडवं असल्यानं झाकणाची उंची अडत नाही पण राइझरवर दोन-तीन स्लॉटच. एक्स्टीवाल्यांनो, तुम्ही आठ स्लॉटवर रडताय.

निळी शाई

मोघम, आमच्या कार्यालयात नंतर तसलेच सडपातळ डबे आले. टेंडरमध्ये ते स्वस्त पडले. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नेटवर्कचं कार्ड लावलं की जिस्टला जागा नाही. सहा महिने निम्मी मशीनं मराठीची आणि निम्मी नेटवर्कची होती. फ्लॉपी घेऊन इकडून तिकडे पळायची ड्यूटी माझी.

बॉस्टनचा बंड्या

कापण्याच्या बाजूनं शेवटचं बोलतो. आयबीएमच्या बोका रॅटनच्या टीमनं हे मशीन उघडायलाच बनवलं होतं. टेक्निकल रेफरन्स नावाचं मॅन्युअल विकायचे, त्यात सर्किटचे नकाशे आणि बायोसची छापील यादी सुद्धा. त्यावरूनच जगभरच्या कार्डवाल्यांची दुकानं चालली. पेटी बंद ठेवून पूजा करण्याचं हे मशीन नव्हतंच. ज्या चासीत बोर्ड, सिरियल नंबरची जुळणी, सगळं शाबूत आहे तिला मीही हात लावू देणार नाही. ही तर पोकळ आहे.

डॉसबाबा

पोकळ आहे म्हणून भरायची, कापायची नाही. पण चालू द्या, मी बाजूला उभा राहून हळहळतो.

एडिसनकर

बरेच दिवसांनी येतोय, माफी. वाचून, मोजून झालं, आता काम कुठवर आलंय ते सांगतो.

पुठ्ठ्याचा साचा धरल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. जादा तीन स्लॉट एसएमपीएसच्या बाजूला वाढतात, म्हणजे बरोबर जिथे ५१५० ची कीबोर्ड आणि कॅसेटची दोन गोल भोकं आहेत तिथे. (हो, कॅसेट. या मशीनला टेपरेकॉर्डर लावायची सोय होती, आणि दोन्ही सॉकेट दिसायला सारखीच.) म्हणजे आठही खिडक्या काढल्या तर ती भोकं जाणार. आणि सात-आठच्या समोर ड्राइव्ह येतो, तिथे तशीही आखूड कार्डंच बसतात. अस्सल एक्स्टीत तर आठव्या स्लॉटाचं वेगळंच नाटक होतं, कार्डानं एक खास सिग्नल दिल्याशिवाय तो बोलायचाच नाही.

म्हणून डॉसबाबांचा मान ठेवून मधला मार्ग काढला. प्लेट सहा खिडक्यांची केली. जुन्या चार पट्ट्या कापल्या, मोठी खिडकी झाली, पण एसएमपीएसकडची बाजू आणि दोन्ही गोल भोकं शाबूत आहेत. एक्स्टी-आयडीई सातव्या स्लॉटात बिनपट्टीचं, ते आखूडच आहे. क्लोन बोर्डाचं कीबोर्ड सॉकेट जुन्या भोकासमोर येत नाही, त्याला वीतभर वायर जोडून सॉकेट जुन्या कीबोर्डच्याच भोकात आतून बसवलं. बाहेरून पाहिलं तर ज्याला ठाऊक नाही त्याला कळणार नाही.

प्लेट इथल्या मेकरस्पेसमध्ये बनवली. पत्रा वाकवायचं मशीन तिथे आहे. ठाणे लोकलनी पाठवलेल्या फाइलवरून साचा छापला आणि त्यावरून मार्किंग केलं. काकांची ३ मिमीची पट्टी रिवेट करून ६-३२ चे आटे पाडले, एकही स्क्रू नुसता गरगर फिरत नाही. कापलेल्या चार पट्ट्या पाकिटात घालून, त्यावर तारीख टाकून, चासीच्या आत चिकटवल्यात.

एसएमपीएस मूळचा लावलेला नाही. सहा कार्डं आणि ड्राइव्हला ६३.५ वॅट म्हणजे ओढाताण. एक्स्टीचा १३० वॅटवाला मिळाला, जागेत बसला. मूळचा कपाटात.

काजूबी

कपाटात. बघा, सुरुवात झाली.

डॉसबाबा

पाकिटात घालून आत चिकटवल्यात? मग माझा विरोध मागे. कापल्याचं दुःख आहे, पण पुढच्या मालकाला हिशोब मिळेल.

भोसरीचा फिटर

छान केलंत. पुढच्या खाचांचं काय केलं? मागून धरलंय, पुढून कार्ड हलत असेल तर बोर्डाचा स्लॉट ढिला होतो.

एडिसनकर

काका, लांब कार्ड दोनच आहेत. पहिलं जुन्या खाचेत जातं. दुसऱ्यासाठी ॲल्युमिनियमचा छोटा यू चॅनल कापून पुढच्या पत्र्याला दोन स्क्रूनं लावला, आत फेल्टची पट्टी. झाकण घालून पाहिलं, साउंड कार्ड आणि झाकण यात एक नखभर जागा उरते.

लॅमिंग्टन रिटर्न

फोटो कुठेत? मागच्या बाजूचा टाका.

ऱ्हस्वदीर्घ

आणि जिस्ट? मराठी उमटली का?

एडिसनकर

फोटो संध्याकाळी टाकतो. मशीन चालू होतं, मेमरी ६४० पर्यंत मोजतं, हार्ड डिस्कवरून डॉस येतं. जिस्टची फ्लॉपी अजून घातलेली नाही. ३६० के ची आहे, सांगलीच्या माळ्यावर किती पावसाळे काढलेत देव जाणे. खिडकीतून उजेडात धरली तर चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात.

निळी शाई

घालू नका! ती बुरशी आहे. एकदा फिरवली की फ्लॉपीचा थर खरवडून निघतो आणि हेडही भरतं, मग पुढची चांगली फ्लॉपी पण मरते. वरचं कव्हर एका बाजूनं अलगद कापून चकती बाहेर काढा, आयसोप्रोपिल आणि मऊ कापडानं पुसा, वाळू द्या. दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी फ्लॉपीच्या स्वच्छ कव्हरात घाला आणि पहिल्या फेरीतच पूर्ण प्रत काढून घ्या. दर फेरीनंतर ड्राइव्हचं हेड पुसायचं. तोवर मी माझ्या ट्रंकेत बघते, आमच्या कार्यालयातल्या प्रती मी जपून ठेवल्या होत्या. आवृत्ती कोणती लागेल ते कार्डावरचा नंबर वाचून कळवा.

एडिसनकर

ताई, कार्डाचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. निरुपयोगी फ्लॉपी मात्र इथे एकही नाही.

काजूबी

आमच्याकडे दोन खोकी आहेत. पत्ता व्यनि करा, पोस्टाचा खर्च मी देते.